शाळेची फी वाचली, पण ती गेली कुठे?

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 8 वर्षांची. जूनपासून दोघांनाही शाळेतून काढलं असून घरीच शिकवायचं ठरवलंय. त्यासाठी वहिनींनी मे महिन्यात अकाउंटंटची नोकरी सोडली. पत्रासोबत दिवसाचं वेळापत्रक जोडलंय, सकाळी आठ ते दुपारी चार, आठ तासिका. प्रश्न तीन. महिना 6,000 रुपयांत हे बसवायचं कसं? एका ऑनलाइन शिक्षण कंपनीचा 96,000 रुपयांचा दोन वर्षांचा पॅक हप्त्यावर घ्यावा का? आणि त्यासाठी वहिनींचा पीएफ काढावा का?

पॅक घेऊ नका. पीएफला हात लावू नका, सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास व्याज देणारी ठेव मोडून व्हिडिओ विकत घ्यायचे नसतात.

आता पत्राच्या दुसऱ्या पानावरची, तुम्ही जाता जाता लिहिलेली ओळ. ‘फी वाचणार म्हणून मुलाच्या शिक्षणासाठी वर्षाला 1 लाख 20 हजारांची पॉलिसी घेतली, कागद 4 ऑगस्टला हाती आले.’ ती वाचून मी आधी तुम्हाला फोन केला. कारण पॉलिसीची कागदपत्रं मिळाल्यापासून 30 दिवसांत, कारण पटो न पटो, ती परत करता येते. या मुदतीला फ्री लुक म्हणतात. तुमची मुदत 3 सप्टेंबरला संपते. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विमा चालू राहिलेल्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत येते. ‘साहेब पुढच्या आठवड्यात भेटतील’ असं ऐकून घरी येऊ नका.

का परत करायची ते आकड्यांत पाहू. 15 वर्षं 1 लाख 20 हजार भरायचे, म्हणजे 18 लाख. विसाव्या वर्षी ‘जवळजवळ दुप्पट’ म्हणजे 34 लाख मिळतील असं तुम्हाला सांगितलंय. त्यात किती रक्कम हमीची आणि किती बोनसच्या भरवशावरची, हे विचारलंत का? सगळे 34 मिळाले असं धरलं तरी परतावा पाच टक्क्यांच्या आत येतो. हेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या भविष्य निर्वाह निधी योजनेत, त्याच वेळापत्रकाने भरले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी साधारण 46 लाख होतात. बारा लाखांचा फरक.

आणि विसाव्या वर्षी तुमचा मुलगा 31 वर्षांचा असेल. शिक्षणाची पॉलिसी म्हणे! त्याला पैसे लागणार बारावीनंतर, म्हणजे सात वर्षांनी. तेव्हा तुम्ही अजून हप्तेच भरत असाल.

त्यातून पॉलिसीत विमा मुलाच्या जिवाचा. घर चालतं तुमच्या पगारावर, गृहकर्जाचे अजून 18 लाख बाकी आहेत, आणि तुमच्या नावावर टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा स्वस्त विमा, शून्य. पॉलिसी विकणाऱ्या बँकेतल्या ओळखीच्या साहेबांना हे दिसत नव्हतं असं नाही. एफडी मोडायला आलेला माणूस पॉलिसी घेऊन घरी गेला, त्यांच्या दृष्टीने दिवस चांगला गेला. ‘कर वाचेल’ हेही त्यांनी सांगितलंच. तुमचा पगार पाहता नव्या करपद्धतीत तुमचा कर आधीच शून्य आहे. 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर तो लागतच नाही. वाचवणार काय?

आता घराचा हिशोब. तुम्ही पत्रात फक्त वाचलेली फी मांडली आहे. दोघांची फी आणि बस मिळून वर्षाला 1 लाख 60 हजार, म्हणजे महिना 13,000. पण वहिनींचे 34,000 थांबले त्याचं काय? त्यांच्या जाण्यायेण्याचे आणि डब्याचे चार हजार वाचले असं धरा. तरीही महिना 17,000 चा खड्डा, वर्षाचे दोन लाख. घरी शिकवण्याचा खरा खर्च हा आहे. वह्या-पुस्तकं त्यात खिजगणतीतही नाहीत. निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. किंमत माहीत असून घेतला असेल तर तो तुमचा निर्णय आहे. पण पत्रावरून तरी ती माहीत होती असं वाटत नाही.

तुमचे हाती 68,000. गृहकर्जाचा हप्ता 21,000 आणि घरखर्च 32,000 गेला की उरतात 15,000. त्यातून पॉलिसीचे दहा, पॅकचे चार आणि मुलांचे सहा हजार काढा. महिना पाच हजारांनी तुटीत. वाचलेल्या फीचे पैसे तुम्ही एकदा नव्हे, दीड वेळा खर्च केलेत.

सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट तुम्ही एका शब्दात उरकलीत. आरोग्य विमा ‘पत्नीच्या कंपनीचा’. तो नोकरीबरोबर मे महिन्यात संपला. आज घरातले चौघेही विम्याशिवाय आहेत. त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, जुन्या आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं त्या प्रतीक्षाकाळात सवलतही मिळू शकते, पण ते काम नोकरी सोडण्याआधी करायचं असतं. तरी आधी तिथेच विचारून पाहा, नाही जमलं तर याच आठवड्यात दहा लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा, घ्या. त्याबरोबर तुमच्या जिवाचा एक कोटीचा टर्म विमा, साठाव्या वर्षापर्यंत. दोन्ही मिळून वर्षाला चाळीसेक हजार धरा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेलाय. मुलाच्या पॉलिसीच्या एक तृतीयांश पैशात सगळ्या घराचं संरक्षण होतं. प्रस्ताव अर्जात बीपी, शुगर, तंबाखू जे असेल ते खरं लिहा.

पॉलिसीचे पैसे परत आले की एफडीत उरलेले 1 लाख 80 हजार धरून तीन लाखांच्या आसपास होतील. हप्ता आणि घरखर्चाचे सहा महिने म्हणजे 3 लाख 20 हजार. तेवढे एफडीत राहू द्या, ती तुमची अडीअडचणीची गंगाजळी.

आता वेळापत्रक. आठ तासिका कशाला? वर्गात पन्नास मुलं असतात, म्हणून हजेरी आणि शांत बसा यातच निम्मा वेळ जातो. दोन मुलांना सकाळी नऊ ते बारा पुरतात. गणित आणि भाषा रोज, विज्ञान आणि इतिहास-भूगोल आलटून पालटून. दुपारी वाचन आणि हाताची कामं, संध्याकाळी मैदान. धाकटीचे पाढे थोरल्याने घ्यावेत, त्याचीही उजळणी होते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही, आणि छापील प्रती स्वस्त आहेत. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून तुमच्या गावात आहे, सभासद व्हा. एक खेळाचा क्लास धरूनही महिना तीन हजारांच्या वर जाऊ नका. टॅब तर अजिबात नको.

पॅकवाले ‘प्रमाणपत्र’ देतात त्याला बोर्डाच्या लेखी किंमत नाही. चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून म्हणजे एनआयओएसमधून दहावीला बसता येतं. त्याआधी पाचवी आणि आठवीसाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. खर्च काही हजारांचा. आणि बिनव्याजी हप्ता हे कर्जच असतं, वित्तकंपनीचं. मुलाने महिन्याभरात ॲप उघडणं सोडलं तरी हप्ता थांबत नाही.

खड्डा बुजवायचा मार्ग वहिनींच्या हातात आहे. अकाउंटंट आहेत, तर चार-पाच छोट्या दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रं घरून भरता येतील, महिना आठ-दहा हजार मिळू शकतात. ही कामं 11 आणि 20 तारखेला येऊन आदळतात. म्हणून वेळापत्रक आठवड्याचं न करता महिन्याचं करा. त्या तारखांच्या आधीचे दोन दिवस मुलांना वाचन, चित्रकला, आजोबांबरोबर बाजारहाट. थोरल्याने घरखर्चाची वही ठेवावी, गणिताचा तास तसाही त्यात होतो.

हे सुरळीत झालं की मुलासाठी इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, महिना 5,000 ची एसआयपी (दरमहा ठरलेली गुंतवणूक) सुरू करा. तुम्ही लिहिलेले 15 टक्के विसरा, 10 धरा. सात वर्षांत सहा लाखांच्या आसपास होतील, तेही बाजार बरा राहिला तर. शेवटच्या दोन वर्षांत थोडेथोडे काढून एफडीत ठेवा. त्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं बसत नाहीत, उरलेलं शैक्षणिक कर्जातून किंवा वहिनींच्या वाढलेल्या कामातून.

मुलीसाठी सुकन्या समृद्धीचं खातं दहाव्या वाढदिवसाआधीच उघडता येतं. व्याज सध्या 8.2 टक्के. आत्ता 250 रुपये भरून पोस्टात खातं उघडून ठेवा, दरवर्षी किमान तेवढे भरत राहा. मोठी रक्कम वहिनींचं काम लागल्यावर.