एम.एस्सी. झाली, प्रयोगशाळेत शिरायचे कसे?

प्रश्न : मी गेल्या वर्षी सोलापूर विद्यापीठातून जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केले. वैद्यकीय संशोधनात जाण्याची इच्छा आहे, परंतु वर्तमानपत्रांत तशा जागा दिसतच नाहीत. वडील यंत्रमागावर काम करतात. पुण्यात खोली घेऊन वाट पाहत बसणे परवडणारे नाही. नातेवाईक बी.एड. करायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुण्यात खोली आताच घेऊ नका. या क्षेत्रातील सुरुवातीच्या जागा बहुधा एखाद्या प्रकल्पावरील हंगामी जागा असतात. त्यांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात आणि अर्जाची मुदत अनेकदा जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असते. त्यामुळे पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, आघारकर संशोधन संस्था व आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), तसेच खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र यांची संकेतस्थळे दर आठवड्याला पाहावीत. काही मुलाखती ऑनलाइन होतात; प्रत्यक्ष जायचे झाल्यास सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची आहे, मात्र हजेरीची वेळ दहाच्या आतली असेल तर आदल्या रात्रीच निघालेले बरे.

खरी अडचण बहुतेकांच्या अर्जातच असते. एकच मजकूर पन्नास शास्त्रज्ञांना पाठवला, तर तो न वाचताच बाजूला पडतो. त्याऐवजी मोजक्या प्रयोगशाळा निवडून त्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचावेत आणि त्या कामाशी आपल्या अनुभवाचा संबंध कुठे येतो, हे चार-पाच वाक्यांत लिहावे. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणे), वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने ओळखणे), सेल कल्चर (पेशी वाढवणे) या तंत्रांपैकी स्वतःच्या हाताने काय केले आणि केवळ प्रात्यक्षिकात काय पाहिले, हा फरक अर्जात स्पष्ट असावा, कारण मुलाखतीत ‘कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) कोणता ठेवला होता?’ एवढ्या एका प्रश्नावर तो उघडा पडतोच. एम.एस्सी.चा प्रकल्प अहवाल पुन्हा नीट वाचून ठेवा. बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात.

याच्या जोडीने सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेची तयारी घरी राहूनही करता येते. त्यातून जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिवृत्ती मिळाल्यास पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा 37,000 रुपये मिळतात, आणि घरच्यांना पटेल असे उत्तर माझ्या मते तेच आहे. पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर आपल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिवृत्तीसाठीही अर्ज करता येतो. बी.एड. नंतरही करता येईल. प्रयोगशाळेतला सराव मात्र दोन-तीन वर्षांच्या खंडाने मोडतो आणि मुलाखतीत त्या खंडाचे कारण विचारले जाते.

तोवर सोलापुरातच राहायचे असेल, तर ज्या रुग्णालयांत औषधांच्या चाचण्या चालतात तेथे समन्वयकाच्या कामाची चौकशी करावी. ‘नोकरीची हमी’ देऊन प्रशिक्षणासाठी मोठी रक्कम मागणाऱ्यांच्या दारात मात्र जाऊ नका.