लॉकडाऊन लागला, लावला की लादला?

प्रश्न असा आलाय. करोनाच्या काळातल्या बातम्यांवर कॉलेजचा प्रोजेक्ट चाललाय, एका कात्रणात 'लॉकडाऊन लादला' आहे, दुसऱ्यात 'कडक निर्बंध लागू', तिसऱ्यात नुसतं 'लॉकडाऊन लागला', आणि सर म्हणतात इंग्रजी शब्द नको, सगळीकडे 'टाळेबंदी' करून टाक. तर बरोबर मराठी कुठलं?

आधी टाळेबंदीचं बोलतो, कारण सोलापुरात वाढलेल्या माणसाला हा शब्द असा सहज कुठंही टाकता येत नाही. आपल्याकडं टाळेबंदी म्हणजे मालकानं गिरणीच्या गेटला लावलेलं कुलूप. कामगारानं काम थांबवलं तर संप, मालकानं थांबवलं तर टाळेबंदी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'लॉकआउट'ला मराठीत हाच शब्द चालत आलाय. माझे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. एका सकाळी भोंगा वाजलाच नाही तरी सवयीनं डबा घेऊन गेले, गेटवरची नोटीस दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतली आणि भरलेला डबा तसाच घरी परत आणला. आजीनं तो डबा उघडून भाकरी आम्हा पोरांना वाटली हे मला अजून दिसतं, आणि ती शेवटपर्यंत घरातल्या लग्नांचा, बारशांचा हिशोब 'टाळेबंदीच्या आधी' आणि 'टाळेबंदीनंतर' असाच करायची.

आता अर्थाचं बघा. टाळेबंदीत माणूस गेटच्या बाहेर राहतो, लॉकडाऊनमध्ये तो घराच्या आत राहतो. कुलूप लावणाराही वेगळा, तिथं मालक, इथं सरकार, आणि इथं मालकाचाही कारखाना बंदच. २०२० मध्ये पेपरांनी टाळेबंदी दोन्ही अर्थानं वापरली, ती रुळली, त्यामुळं चूक म्हणणार नाही. पण गिरण्या आणि यंत्रमागाच्या गावातली बातमी असेल तर लॉकडाऊनच लिहावं असं माझं स्पष्ट मत आहे, तो शब्द रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडात बसलाय आणि वाचणाऱ्याचा घोळ होत नाही.

संचारबंदी आणि जमावबंदी हे आदेशातले शब्द. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ झालंय. जमावबंदीत घोळका करायचा नाही, संचारबंदीत कारण असल्याशिवाय बाहेरच पडायचं नाही. ह्या दोन्हीत गल्लत करू नका, बातम्यांत ती फार झालीय.

खरी गंमत, म्हणजे खरा अभ्यास, क्रियापदात आहे. एप्रिल २०२१ आठवा. ५ तारखेपासून राज्यात निर्बंध आणि शनिवार-रविवारचा लॉकडाऊन सुरू झाला, १० तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी सर्वपक्षीय बैठक घेतली, त्यात सरकारचं म्हणणं की साखळी तोडायला काही दिवस सगळं थांबवल्याशिवाय इलाज नाही, आणि विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीसांचं म्हणणं की निर्बंध समजू शकतो पण पूर्ण लॉकडाऊन नको, लोकांचा उद्रेक होईल, हातावर पोट असणाऱ्यांचा विचार करा. मग १३ तारखेला घोषणा झाली, सोबत ५,४७६ कोटींचं पॅकेज, आणि १४च्या रात्री ८ पासून संचारबंदी. सरकारकडून भर होता 'ब्रेक द चेन', 'कडक निर्बंध' यावर, विरोधातले मात्र 'लादला' म्हणत होते. रस्ता तोच रिकामा, शटर तेच खाली, शब्द मात्र ज्याच्या-त्याच्या बाजूचे.

लादणं हे ओझ्याचं क्रियापद आहे. बैलाच्या, गाढवाच्या पाठीवर लादतात, त्याला विचारत नाहीत. म्हणून 'लॉकडाऊन लादला' हे मत झालं, बातमीत ते कुणाच्या तरी तोंडी द्यावं, बातमीदारानं स्वतःच्या वाक्यात घेऊ नये. पण म्हणून 'लागू' तटस्थ आहे असंही समजू नका, लागू केला म्हटलं की आदेश दिसतो आणि ज्याच्यावर तो आला तो माणूस दिसेनासा होतो. 'लावला' म्हटलं की लावणारा आला, आणि 'लागला' म्हटलं की कुणीच नाही, ग्रहण लागतं, आग लागते, पाऊस लागतो तसा. जुनी माणसं मे १९३०च्या सोलापूरबद्दलही 'मार्शल लॉ लागला' असंच बोलायची, लावणारं इंग्रज सरकार होतं आणि जानेवारी १९३१ मध्ये आपल्या चार माणसांना फाशी झाली हे सगळ्यांना पाठ असूनही. वरून आलेल्या हुकमाला लोक निसर्गाचं क्रियापद देतात.

आमच्या शेजारच्या विडी वळणाऱ्या अक्का तर 'लागलं'सुद्धा म्हणायच्या नाहीत. कारखान्यातून पानं-तंबाखू मिळणं थांबलं होतं, मांडीवर सूप घेऊन सवयीनं बसायच्या, सूप रिकामं, हातात कात्री तेवढी. म्हणायच्या, "लॉकडाऊन पडलंय की ओ." दुष्काळ पडतो, दरोडा पडतो, तसं पडलंय. (पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर वाद घालू नका, लिहिताना 'लागला', बोलताना 'लागलं', दोन्ही चालतंय.)

उरला तो छोट्या लॉकडाऊनचा शब्द, तोही विचारलाय, 'सर्किट ब्रेकर'. हा इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये गाजला. तिथल्या शास्त्रज्ञांच्या सल्लागार गटानं सप्टेंबरमध्येच ते सुचवलं होतं, १३ ऑक्टोबरला विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी दोन-तीन आठवड्यांचा सर्किट ब्रेकर मागितला, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी नाकारला, आणि ३१ ऑक्टोबरला त्यांनाच चार आठवड्यांचा लॉकडाऊन जाहीर करावा लागला. म्हणजे आपल्या उलट, तिथं विरोधक मागत होते आणि सरकार नको म्हणत होतं. वेल्सनं त्याच महिन्यात २३ तारखेपासून १७ दिवसांचा केला, शब्द वापरला 'फायरब्रेक'. त्याला आपल्या वनखात्याकडं तयार मराठी शब्द आहे, जाळरेषा. वणवा पुढं सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. अर्थ अगदी नेमका बसतो, थोडं आपणच जाळायचं म्हणजे सगळं जळत नाही. सर्किट ब्रेकरला मात्र मराठी शोधू नका, लूमवाल्याला ब्रेकर ट्रिप होणं आणि परत वर करणं रोजचं आहे, शब्द मांडणाऱ्यांना तेच सुचवायचं होतं की खटका लगेच परत वर करता येईल. तो वर कधी होणार, यावरच तर भांडण होतं.

तेव्हा प्रोजेक्टमध्ये कात्रणातले शब्द बदलू नका, जसेच्या तसे अवतरणात ठेवा, कुणी लादला म्हटलंय, कुणी लागू म्हटलंय ते नावानिशी लिहा. आणि स्वतःचं वाक्य लिहाल तेव्हा, '१६ जुलै २०२०च्या मध्यरात्रीपासून २६ जुलैपर्यंत प्रशासनानं सोलापूर शहरात लॉकडाऊन लावला' असं लिहा. लावणारा आला, तारखा आल्या. सरांनी टाळेबंदीचा हट्ट धरलाच तर एकदा त्यांना विचारा, घरात कुणी गिरणीत होतं का.