एकच ठाणं धर, कोर्लईपासून सुरुवात कर

अरे, कोकणातल्या पोर्तुगीजांचा इतिहास समजून घ्यायचाय म्हणतोस, तर वास्को द गामाच्या १४९८ पासून सगळं वाचायला घेऊ नकोस, दमशील. एकच ठाणं धर. मी म्हणेन रायगड जिल्ह्यातला कोर्लईचा किल्ला. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावरची ती अरुंद टेकडी पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतली, १७४० मध्ये मराठ्यांना दिली. वर गेलास की आधी पाण्याचं टाकं बघ, मगच तोफा. वेढ्यात ठाणं टिकतं ते पाण्यावर! दरवाजांवरचे पोर्तुगीज शिलालेख सावकाश बघ; तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. मग खाली गावात जा. तिथले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली घरात बोलतात. म्हाताऱ्यांजवळ निवांत बस, वही नंतर काढ.