सेल्फ सुटत नसेल तर

प्रश्न : ट्रॅक्टर सुरू झाल्यावर चावी सोडली तरी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरतच राहतो. काय करावे?
– एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : आधी इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, असा सेल्फ काही क्षणांत जळतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चावीकडून सोलेनॉइडला (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचला) येणारी बारीक तार सोडवा आणि निगेटिव्ह केबल बॅटरीला क्षणभर टेकवा. तरीही सेल्फ फिरला, तर सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटले आहेत, असे समजावे. शांत राहिला, तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा तारेत आहे. संपर्क चिकटण्यामागे बहुधा उतरलेली बॅटरी किंवा सैल टर्मिनल असते, कारण विजेचा दाब (व्होल्टेज) कमी पडल्याने सोलेनॉइड थरथरतो आणि ठिणग्या उडतात. पूर्ण भारित बॅटरी बंद गाडीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. ती न तपासता नवा सोलेनॉइड बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

मोटर थांबूनही करकर ऐकू येत असेल, तर पिनियन (सेल्फचे छोटे दातेरी चाक) रिंग गिअरमध्ये (इंजिनच्या मोठ्या दातेरी चाकात) अडकला आहे. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून शाफ्टवर घट्ट बसते; ती पुसून काढा, जाड ग्रीस पुन्हा लावू नका.