लयकारिका आम्ल 'तयार करते' का?

लयकारिका म्हणजे लायसोसोम, पेशीतली पचनाची इवली पिशवी. तिच्याविषयीचा प्रश्न असा आहे: 'जीवशास्त्रातल्या एका मजकुराचं मराठी करतोय. "लयकारिका आपल्या आत आम्ल तयार करतात, त्यामुळे त्यांचा सामू वाढतो" हे वाक्य चालेल का? की पीएच म्हणावं?'

सामू म्हणजे पीएचच, आम्लता मोजण्याचा आकडा. खुशाल वापरा. माती परीक्षणाच्या अहवालामुळे तो शेतकऱ्यांच्या तोंडी कधीच बसलाय, पेशीला वेगळा शब्द कशाला? फक्त इथे तो वाढत नाही, घटतो. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजपट्टी आखली तीच उलटी: हायड्रोजन आयन दसपट झाले की आकडा एकाने उतरतो. पेशीद्रव्याचा सामू साधारण 7.2, लयकारिकेचा 4.5 ते 5. आकड्यांत फरक अडीचेकाचा, आयनांत सुमारे तीनशे पटीचा. तेव्हा 'आम्लता वाढते' लिहा किंवा 'सामू घटतो' लिहा. 'ॲसिडिटी' मात्र नको. तो शब्द मराठीत छातीतल्या जळजळीने अडवून ठेवलाय.

खरी गफलत 'तयार करतात'मध्ये आहे. लयकारिकेत आम्लाचा कारखाना नसतो. तिच्या पटलात व्ही-एटीपेज नावाचा प्रथिनांचा पंप असतो. तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून, अक्षरशः गरगर फिरत, बाहेरचे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयनच, आत ढकलतो. आत आधीच जास्त असतात, म्हणजे काम चढावरचं. आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहे, उपसा सिंचनातला 'उपसा'. नदीचं पाणी वीज जाळून टेकाडावर चढवावं तसे पेशीद्रव्यातले प्रोटॉन उपसून लयकारिकेत भरले जातात.

नुसतं भरून भागत नाही. प्रोटॉन धनभारित, त्यामुळे थोडे आत गेले की पटलावर विद्युतदाब चढतो आणि पंप अडतो. तो दाब उतरवायला क्लोराइड आत यावं लागतं किंवा पोटॅशियमसारखे धन आयन बाहेर जावे लागतात. शिवाय पटलातून प्रोटॉनची गळती चालूच असते. बॅफिलोमायसिन हे रसायन देऊन पंप बंद पाडला की लयकारिकेचा सामू चढू लागतो, यावरून ही गळती कळते. म्हणजे 4.7 सारखा आकडा एकदा गाठून सोडून देण्याचा नव्हे. भरणा आणि गळती यांचा मेळ जिथे बसतो तिथे तो थांबतो. म्हणून क्रियापद 'राखणे' घ्यावं: लयकारिका आपला सामू राखते. 'नियमन करते' चुकीचं नाही, पण सरकारी परिपत्रकासारखं वाटतं.

एक हिशेब मजेदार आहे. अर्धा मायक्रोमीटर व्यासाच्या लयकारिकेत सामू 4.7 असताना मोकळे प्रोटॉन किती? जेमतेम आठशे. सामू 7.2 असता तर दोन-तीन! पंपाला भरावे लागतात ते मात्र याहून कितीतरी जास्त, कारण आतली प्रथिनं बहुतेक प्रोटॉन धरून ठेवतात. तेव्हा 'मोकळ्या प्रोटॉनचा प्रचंड साठा' असलं काही लिहू नका.

सगळ्याच अंगकांना, म्हणजे पेशीतल्या इवल्या अवयवांना, 'आम्लधर्मी' हे एकच विशेषण लावणंही टाळा. गॉल्गी पिंड साडेसहाच्या आगेमागे, किंचित आम्लधर्मी. तंतुकणिकेचा (मायटोकॉन्ड्रियाचा) गाभा आठच्या जवळ, म्हणजे उलट विम्ल, अल्कधर्मी. दुसऱ्या टोकाला लिंबाच्या फोडीतल्या पेशींची रिक्तिका, म्हणजे पेशीतली द्रव भरलेली पिशवी: तिचा सामू अडीचच्याही खाली जातो, आणि आपण पिळतो तो रस मुख्यतः तिच्यातलाच.

राहिला 'आम्लीभवन' की 'आम्लीकरण' हा वाद. कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचं होतं ते आम्लीभवन, ते आपसूक घडतं. पेशीत पंप राबतोय, एटीपी जळतोय, म्हणजे कर्ता आहे. तिथे 'आम्लीकरण'च हवं. तुमचं वाक्य मी असं करीन: 'लयकारिका पेशीद्रव्यातले प्रोटॉन आत ओढून घेतात आणि आपला सामू 4.5 ते 5 इतका कमी राखतात.'