सेरोटोनिन (मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) परत पेशीत ओढणाऱ्या प्रोटीनला, म्हणजे सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरला, सोडियम कशाला लागतं? आणि डिप्रेशनच्या गोळ्या तिथे नेमकं काय करतात?

याच मुद्द्यावर एमएस्सीच्या व्हायव्हात माझे मार्क गेलेत, त्यामुळे लिहितेच. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, सेरोटोनिन परत पेशीत ओढणारा ट्रान्सपोर्टर किती एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो? मी म्हटलं, सर, एकही नाही. तर म्हणाले ग्रेडियंटच्या उलट, म्हणजे कमीकडून जास्तीकडे नेतो ना, मग लागणारच, अभ्यास करून या. अहो, एटीपी जाळतो तो सोडियम-पोटॅशियम पंप! एका एटीपीमागे 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊंनी 1957 मध्ये खेकड्याच्या नसांत हे एन्झाइम दाखवलं, 1997 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यातच मिळालं. मी फळ्यावर सोसायटीची टाकी काढली, मोटर पाणी गच्चीवर चढवते, बिल मोटरचं येतं, खाली नळाच्या धारेवर चक्री फिरवली तर तिचं वेगळं बिल येतं का? मोटर म्हणजे पंप, चक्री म्हणजे ट्रान्सपोर्टर. सर म्हणाले ही प्लंबिंगची परीक्षा नाही. सगळे हसले. बारा वर्षं झाली, अजून राग येतो.

तर तुमचं. पंपामुळे बाहेर सोडियम साधारण 145 मिलिमोलर आणि आत 10-15, वर आतली बाजू निगेटिव्ह, म्हणजे सोडियम आत घुसायला टपलेलंच असतं. ट्रान्सपोर्टर त्या ओढीवर क्लोराइड आणि सेरोटोनिनला सोबत आत घेतो. बाहेरचं तोंड मिटतं मग आतलं उघडतं, दोन्ही एकदम उघडी नसतात, म्हणून कृपा करून याला चॅनल (आरपार उघडी वाट) म्हणू नका. माल उतरला की पोटॅशियम घेऊन परत बाहेर तोंड करतो. एस्सिटालोप्रॅमसारखी गोळी सेरोटोनिनच्याच जागेत बसते आणि बाहेरचं तोंड मिटू देत नाही, म्हणून सेरोटोनिन बाहेरच राहतं, 2016 मध्ये माणसाच्या ट्रान्सपोर्टरची रचना औषधासकट दिसली तेव्हा हे स्पष्ट झालं. गोळी सेरोटोनिन बनवते हे साफ चूक.

हां, एक राहिलं, ट्रान्सपोर्टर काही तासांतच अडतो पण बरं वाटायला आठवडे लागतात, तेव्हा एवढ्यावर डिप्रेशन समजलं असं नाही, आणि हे वाचून डोस स्वतःहून बदलू नका.

आणि कुणी व्हायव्हात अडवलंच तर गॅरी रुडनिकचं 1977 चं काम सांगा. प्लेटलेट्सच्या (रक्त गोठवणाऱ्या पेशी, त्यांतही हाच ट्रान्सपोर्टर असतो) पडद्याच्या नुसत्या पिशव्या, एटीपी घातलेलं नाही, फक्त सोडियमचा फरक ठेवलेला, तरी सेरोटोनिन आत साचत गेलं. मला हे त्या दिवशी आठवायला हवं होतं.