गावाला शाश्वत जीवनशैलीकडे वळवायचे, निसर्गही जपायचा. सुरुवात कुठून करावी?

वृक्षारोपणापासून तर नकोच! आधी पाण्याचा हिशोब मांडा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाऊस किती झाला ते पाहून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरतात. ऊस-केळीसारखी तहानलेली पिके नाहीत, शेतीसाठी बोअरवेल नाही. जोडीला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. मोकळी चराई थांबली की डोंगरावर गवत वाढते. ते कापून आणून गुरांना घातले की दूधही वाढते. गावकऱ्यांना पटते ते इथेच, भाषणांनी नव्हे.

दुसरा प्रश्न हक्काचा. जंगल ‘सरकारचे’ असेल तर राखणार कोण? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तुमच्या गावालगत वन असेल तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीमार्फत दावा करा. वेळ लागतो, कागदपत्रेही भरपूर.

सौरदिवे, बायोगॅस नंतर. आणि तुम्ही बाहेरून जाणार असाल तर आपली योजना सध्या खिशातच ठेवा. बायका सरपण आणि पाणी कुठून आणतात ते आधी विचारा. कामांचा क्रम त्यातूनच कळेल.